पीटरचा पतंग आणि अण्णांचा दांडा

परवा शिरीषचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, ते पतंगाचं सगळं तुम्ही लिहून ठेवा." म्हटलं, लिहायला काय लागतं, वाचणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे ना! कारखान्यातले किस्से लेथखालच्या चुऱ्यासारखे असतात. काम चालू असताना तिकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस झाडायला घ्यावं तर पोतंभर निघतो. हे त्यातलंच एक पोतं.

आमचा गिअरचा कारखाना बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत. मी परचेसमध्ये, म्हणजे खरेदी खात्यात. दुपारी कॅन्टीनमागच्या बदामाखाली आम्ही चार मराठी माणसं डबा खायचो. डिझाइनमधला शिरीष पुण्याचा, वय सव्वीस, उत्साह सोळाचा. वसंतअण्णा टूलरूमचे फोरमन, निपाणीकडचे, पण बंगळुरात तीस वर्षं काढलेली. आणि क्वालिटीचे ढोबळे, नागपूरचे. बायकोच्या पोळीचा व्याससुद्धा डोळ्यांनी मोजून मग घास तोडणारा माणूस!

*

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर नवं मशीन बसवायला हॉलंडहून पीटर आला. सोबत भलीमोठी पिशवी, आत हवा भरायचा पतंग आणि एक फळी. पतंगाच्या दोऱ्या एका दांड्याला बांधायच्या, दांडा हातात धरायचा, पाय फळीवर ठेवायचे आणि वाऱ्याच्या जोरावर समुद्रावरून पळायचं. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर जाऊन हे करायचं, असं बिचारा घरून ठरवून आला होता.

गेटवर सिक्युरिटीच्या गौडाने पिशवी उघडायला लावली. आत पतंग बघून तो पीटरला अतिशय सभ्यपणे म्हणाला, "सार, आषाढ मुगीतु." आषाढ संपला! बंगळुरात पतंग आषाढात उडवतात, संक्रांतीला नाही. पीटरला काही कळलं नाही. गौडाने रजिस्टरमध्ये नोंद केली, 'पतंग, एक, मोठा', आणि पीटरकडून लिहून घेतलं की हा कारखान्यात उडवणार नाही.

*

मशीन सहा आठवडे चालू होईना. पीटरला समुद्र राहू द्या, यशवंतपूरच्या पलीकडचं बंगळूरसुद्धा दिसलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्याने शिरीषला मागच्या मोकळ्या प्लॉटवर पतंग कसा सांभाळायचा ते शिकवलं. शिरीष दोनदा तोंडावर आपटला, आणि तिसऱ्यांदा उठला तो त्या खेळाच्या प्रेमात पडूनच.

त्याच संध्याकाळी दांडा प्लॉटच्या कडेला ठेवलेला होता आणि आमच्या फोर्कलिफ्टवाल्याने रिव्हर्स घेतला. दोऱ्या वाचल्या, दांड्याची मात्र चटणी झाली.

पीटरने ती चटणी उचलून बघितली. मग सगळी पिशवी त्याने शिरीषच्या हातात दिली. "तुमच्याकडे टूलरूम आहे. दांडा करा, समुद्रावर जा, आणि वारा कसा होता ते मला पत्राने कळवा," म्हणाला आणि विमानतळावर गेला.

शिरीषने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी खिशातून पट्टी काढून चटणीचं माप घ्यायला सुरुवातसुद्धा केली होती!

*

आता इथे थांबून एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे कुठलाही जॉब तयार झाला की तो ढोबळ्यांपुढे जायचा. त्यांच्याकडे दोन शिक्के. हिरवा म्हणजे ओके, तांबडा म्हणजे रिजेक्ट. आणि तिसरा प्रकार म्हणजे हिरवा मारायचा आणि खाली पेनाने लिहायचं: 'अमुक इतका फरक, तरी स्वीकारले.' आमच्या भाषेत त्याला म्हणायचे 'चालेल, पण'.

बावीस वर्षं अण्णा जॉब करत होते आणि बावीस वर्षं ढोबळे ते तपासत होते. त्या बावीस वर्षांत अण्णांच्या एकाही जॉबला नुसता ओके मिळाला नव्हता. प्रत्येक वेळी 'चालेल, पण'. केसाएवढा फरक असला तरी ढोबळे तो शोधायचेच. अण्णा मार्चअखेरीस रिटायर होणार होते.

एक दिवस डबा पुसता पुसता ते मला म्हणाले, "अक्का, मला पार्टी नको, शाल-नारळ नको. हा दांडा माझा शेवटचा जॉब. ह्याला त्या माणसाच्या हातचा साधा ओके पाहिजे. पेन न लावता. एवढंच बगा."

हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगते, माझेही आले. बावीस वर्षं 'पण' ऐकायचं म्हणजे काय, हे मला सासरी कळलेलं होतं.

*

शिरीषने आमच्या समुद्रावरच्या सहलीचा तक्ता केला. पुण्याचा माणूस, तक्त्याशिवाय खोकायचासुद्धा नाही! एकूण त्रेचाळीस कामं, प्रत्येकापुढे जबाबदार माणूस आणि तारीख. होन्नावरजवळचा किनारा, मार्चचा तिसरा आठवडा. वरती मथळा 'प्रोजेक्ट के', के म्हणजे काइट, आणि तक्ता डिझाइनच्या भिंतीवर.

एकदा जीएम साहेब फिरत फिरत तिथे आले आणि तक्त्यापुढे उभे राहिले.

साहेबांनी पूर्ण तक्ता वाचला. "कस्टमर कौन है?"

शिरीषच्या तोंडून निघून गेलं, "सर, हॉलंड का है."

"तो फिर बारा नंबर का काम लेट क्यों है?" साहेब कडाडले, आणि दर सोमवारी रिपोर्ट द्यायला सांगून गेले.

बारा नंबरला होतं, 'ढोबळ्यांसाठी पोहण्याची चड्डी'.

*

चड्डी कशाला, तर ढोबळ्यांना यावंच लागणार होतं. ते कसं, ते पुढे येईलच. पण त्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून तक्त्यात ट्यूबही होती आणि ती आणायची जबाबदारी माझी. मी परचेसवाली. सुट्टीचं सामान असलं तरी तीन दुकानांत विचारल्याशिवाय माझा हात पिशवीत जात नाही.

यशवंतपूरला लॉरीच्या ट्यूबांची दुकानं आहेत. पहिल्या दोन ठिकाणी विचारून तिसऱ्याकडे गेले. दुकानदाराने विचारलं, "याव गाडी, अक्का?" कुठली गाडी?

मी म्हटलं, गाडी नाही, माणूस आहे. कमरेला घालायचीय.

त्याने ट्यूब खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "एष्टु टन?"

किती टन! ट्यूब मी त्याच्याकडूनच घेतली. तिघांत नेमका प्रश्न विचारणारा तोच होता.

*

अण्णांनी पहिला दांडा केला तो स्टेनलेस स्टीलचा. भरीव! काय झळाळी, काय फिनिश! आरशासारखा. मी त्यात बघून टिकली सरळ केली. टूलरूमची पोरं दांडा बघायला रांग लावून येत होती.

ढोबळ्यांनी तो हातात घेतला. घेतला म्हणजे उचलला. चार किलो तरी असेल. "अण्णा, हा पाण्यात वापरायचा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"मग? गंजणार नाही. शंभर वर्षं जाईल."

ढोबळे दांडा घेऊन थेट मागच्या टाकीकडे गेले. आगीसाठी पाणी साठवायची टाकी, पंधरा फूट खोल. टाकीच्या काठावरून त्यांनी दांडा हलकेच पाण्यात सोडला.

'डुबुक्' झालं आणि आम्ही चौघं पाण्यातली वर्तुळं बघत राहिलो.

संध्याकाळी इन्स्पेक्शन रिपोर्ट आला. मापांचे सगळे रकाने रिकामे. खाली ढोबळ्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात शेरा: 'नमुना तपासणीसाठी उपलब्ध नाही.'

*

अण्णा दोन दिवस डब्याला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट शिरीषपुढे बसले. "ड्रॉइंग दे मला. तोंडी कामाचं हे असं होतंय."

शिरीषने ड्रॉइंग काढलं. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, आतून पोकळ, दोन्ही टोकांना बूच, म्हणजे पाणी आत जाणार नाही आणि दांडा तरंगेल. कोपऱ्यात लिहिलं, वजन सहाशे ग्रॅमच्या वर नको, वाऱ्याचा ताण सहन झाला पाहिजे.

अण्णांनी तीन आठवडे घेतले. रोजची कामं सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत. कुणी जवळ गेलं की म्हणायचे, "स्वल्प थांब, स्वल्प थांब." दांडा तयार झाला तेव्हा तो त्यांनी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून आणला. तान्हं मूलही इतकं जपून कुणी आणत नाही.

ढोबळ्यांनी लांबी मोजली, व्यास मोजला, भोकं मोजली. टाकीत सोडला, तरंगला. क्रेनला टांगून त्याला दीड माणसाचं वजन लावलं, वाकला नाही. स्टोअरच्या काट्यावर ठेवला, आपल्या डायरीत काहीतरी लिहिलं आणि डायरी मिटली.

"रिपोर्ट देता येणार नाही," ढोबळे म्हणाले.

"काहून?" अण्णांनी विचारलं. बावीस वर्षांत अण्णा नागपुरी शिकले होते.

"ड्रॉइंगवर लिहिलं आहे, वाऱ्याचा ताण सहन झाला पाहिजे. वाऱ्याचं गेज आपल्यापाशी आहे का? नाही ना? मग जिथं वारा आहे तिथं तपासा लागेल."

आता कळलं, ढोबळ्यांना समुद्रावर का यावं लागलं?

*

जीएम साहेबांच्या कृपेने ढोबळ्यांना ही सहल सहज ऑफिसच्या दौऱ्यात घालता आली असती. हॉलंडचं काम! शिरीषने तसं सुचवलंही. ढोबळे त्याच्यावर असे खवळले की बदामावरचे कावळे उडाले. "खोटं लिहा म्हणता? मले?" आणि त्यांनी स्वतःची किरकोळ रजा टाकली. बावीस वर्षांतली पहिली. टाइम ऑफिसवाल्याला त्यांचं रजेचं कार्डच सापडेना. शेवटी नवीन करावं लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे गेटपासवर सही घ्यायला आले. कारखान्यातली वस्तू बाहेर न्यायची तर परत आणण्याचा पास लागतो. पासवर लिहिलं होतं: 'शिक्के दोन, शाईचं पॅड एक, पेन एक. ठिकाण: समुद्र.'

मी सही केली. हे अण्णांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "शिक्के सरी, ते ठीक," ते म्हणाले. "पण अक्का, पेन कशाला नेतोय तो?"

*

किनाऱ्यावर पोचलो. शिरीषच्या तक्त्यात चाचणीची वेळ साडेनऊ होती, कारण कारखान्यात दिवसाचा पहिला नमुना साडेनऊलाच तपासतात. बरोबर साडेनऊला पतंगात हवा भरून, दोऱ्या पसरून, दांडा जोडून आम्ही तयार.

वारा नाही! म्हणजे अजिबात नाही. समुद्र ताटातल्या वरणासारखा.

दहा वाजले, साडेदहा वाजले. शिरीष तक्त्याकडे आणि आभाळाकडे आळीपाळीने बघत होता. जरा पलीकडे एक म्हातारा मच्छीमार जाळं दुरुस्त करत बसला होता. शेवटी मी उठून त्याला मोडक्या कन्नडात विचारलं, वारा येईल का?

"येईल की," तो म्हणाला. "जेवण झाल्यावर येतो तो रोज."

त्रेचाळीस कामं! पण किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा, हे काम एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही गपचूप डबे उघडले.

*

आणि खरंच, अडीच वाजता वारा आला. असा आला की माझ्या हातातली फाइल उडता उडता राहिली.

शिरीष फळी घेऊन पाण्यात शिरला. मच्छीमाराने आणि अण्णांनी पतंग उचलून धरला आणि सोडला. पतंग वर गेला, दोऱ्या ताणल्या, आणि आमचा शिरीष पाण्यावर उभा राहिला! दोन होड्यांच्या अंतराएवढा पळाला असेल, मग आपटला. पण उभा राहिला होता. अण्णा लहान मुलासारखे ओरडत होते, "धरला! दांडा धरला!"

शिरीष नाकातोंडातलं पाणी काढत बाहेर आला. अण्णांनी ढोबळ्यांकडे बघितलं. "झालं नव्हं?"

"चालवणाऱ्याचं सांगणं आपल्याकडे चालत नाही," ढोबळे म्हणाले. "इन्स्पेक्टरनं स्वतः पाह्यलं पाहिजे."

आणि त्यांनी बूट काढले. मोजे काढायचे राहिले, पण ट्यूब कमरेत अडकवली, चष्मा माझ्याकडे दिला आणि निघाले पाण्यात. मी म्हटलं, "अहो ढोबळे, वेड लागलंय का? तुम्हाला पोहता येत नाही!" ते थांबले नाहीत. पाण्याला इतका भिणारा माणूस, टाकीजवळसुद्धा रेलिंग धरून उभा राहायचा! कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी दांडा हातात घेतला.

पुढच्याच क्षणी ते जागेवर नव्हते. ट्यूबसकट किनाऱ्याच्या कडेकडेने निघाले होते, कधी पाण्यात, कधी पाण्याच्या वर, तोंडात अर्धा समुद्र.

"सोडा! दांडा सोडा!" शिरीष किनाऱ्याने धावत ओरडत होता. मी ओरडत होते. अण्णा तर रडकुंडीला आले होते. "सोड रे बाबा! नको मला तुझा ओके! सोड!"

ढोबळे सोडेनात. आणि मग मला दिसलं, ते मनगट डोळ्यांना लावून घड्याळ बघत होते. चाचणीचा कागद त्यांनीच लिहिला होता आणि त्यावर होतं, 'कालावधी: तीन मिनिटं.'

तीन मिनिटं झाल्यावर त्यांनी दांडा सोडला. पतंग पाण्यात बसला. मच्छीमाराने होडी घालून तो गोळा केला, आणि त्याच्या पाठोपाठ ढोबळ्यांनाही.

ते चालत परत आले. दांडा पुसला, प्रकाशात धरून सरळ आहे का ते बघितलं, बोटाने दोन्ही बुचं चाचपली. मग पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले शिक्के काढले, माझ्या फाइलीवर कागद ठेवला, माझ्याकडून चष्मा घेतला. ओल्या हातातून पॅडवर शिक्का दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. कागद त्यांनी अण्णांच्या हातात दिला आणि वाळूत बसून मोजे पिळायला लागले.

अण्णांजवळ वाचायचा चष्मा नव्हता. कागद त्यांनी माझ्याकडे दिला. "अक्का, काय लिहिलंय?"

"ओके," मी म्हटलं. "हिरवा शिक्का."

"आणि खाली?"

"खाली काही नाही."

"नीट बग. पेनानं काहीतरी असेल."

"नाही अण्णा."

"पाठीमागं असेल. उलटून बग."

मी कागद उलटला. मागे नुसता ओला अंगठा उठला होता. अण्णांना मी पाठची बाजू दाखवली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवून बघितलं. मग ते जाऊन ढोबळ्यांच्या शेजारी वाळूत बसले, आणि हळूच, मला ऐकू येऊ नये अशा बेताने म्हणाले, "ढोबळे, बुचं मी जाड केलोय. वजन चाळीस ग्रॅम जास्त हाय बगा."

"माहीत आहे," ढोबळे दुसरा मोजा पिळत म्हणाले. "मोजलं होतं ना मी."